जागेचा दाखला

इइदा,
१२ नोव्हेंबर

चि. चिनात्सु,

तुला, कोसाकूला आणि छोट्या इतोहाला आशीर्वाद.

डोंगरमाथ्यावर बर्फ दिसायला लागलं. शेजाऱ्यांनी वळचणीला पर्सिमन सोलून टांगलेत, सगळी गल्ली केशरी झाली आहे. आपल्या वळचणीला यंदा काही नाही. सोलायचं तुझ्या आईनं आणि टांगायचं मी, अशी आमची वाटणी होती. नुसतं टांगून काय करू? माझी तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्र्याहत्तराव्या वर्षी ते गप्प बसले तर मलाच काळजी वाटेल. कोसाकूचं काम कसं चाललंय? लाकडी बादल्यांना अजून गिऱ्हाईक आहे ना? इतोहा आता चार वर्षांची झाली असेल. असेल काय, झालीच, सप्टेंबरच्या नऊ तारखेला. माझ्या लक्षात होतं. फोनही केला होता.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. रागावून नाही. काम आहे.

झालंय असं, की घराशेजारी गाडी लावायची जागा एक आणि गाड्या झाल्यात दोन. लाल तुझ्या ओळखीची आहे. दुसरी, पांढरी, जूनमध्ये आली. नवी गाडी नावावर करायची तर ती लावायला जागा आहे असा पोलीस ठाण्याचा दाखला लागतो, आणि आपल्या जागेत तर लाल उभी. म्हणून देवळाच्या र्‍योकाई भिक्षूंच्या हातापाया पडून त्यांच्या अंगणाचा कोपरा मागून घेतला. आता ते म्हणतात, "यासुजीराव, नव्या वर्षाला माणसं दर्शनाला येणार. त्यांच्या गाड्या काय माझ्या टकलावर लावू?" बरोबरच आहे त्यांचं. वीस डिसेंबरच्या आत एक गाडी काढायची आहे. कुठली ते तू सांग. मी दोन्ही बाजू मांडतो, तू न्याय कर.

लाल तीस वर्षांची झाली. तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा आणली. या गाडीत बसायचं नसतं, विहिरीत उतरावं तसं आत उतरायचं असतं. बूड जमिनीपासून वीतभर वर. छप्पर कापडाचं, मागची काच पिवळी पडलेली, हीटर त्याच्या मर्जीनं चालतो. पण सेइनाइजी घाटात सातव्या वळणाआधी तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात आणली की ती जो आवाज करते, तो ऐकून मला अजूनही वाटतं की आपलं बरं चाललंय. मी एकतीस वर्षं त्याच घाटातून बस चालवली, चिनात्सु. पन्नास माणसं पाठीशी घेऊन, उंच बसून. कुणाच्या मांडीवरचा डबा सांडू नये म्हणून प्रत्येक वळण हळू. वेळापत्रक मिनिटाला मिनिट. एकदाही उशीर केला नाही म्हणून निवृत्तीच्या दिवशी घड्याळ दिलं होतं, ते अजून चालतंय. सुट्टीच्या दिवशी त्याच घाटात मला जमिनीला टेकून, एकट्यानं, हवं तसं वळायचं असायचं. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

गाडी आणली त्या दिवशी तू दोन्ही दारं उघडून बघितलीस आणि म्हणालीस, "बाबा, दोनच खुर्च्या? मग मी कुठे बसू?" आई म्हणाली, "माझ्या मांडीवर." मी हसलो होतो. तू नव्हती हसलीस.

पांढरी म्हणजे हल्ली ज्याला क्रॉसओव्हर म्हणतात तसली. धड जीप नाही, धड मोटार नाही. दार उघडलं की खुर्ची आपल्या कमरेपाशी, टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. पाच माणसं बसतात, मागे लोणच्याचं पिंप मावतं. क्लच नाही, गिअरचा दांडा नाही, नुसती एक चकती फिरवायची. चालू आहे की बंद तेच कळत नाही. रस्त्यावरचा पट्टा ओलांडला की पिंपिं करते. आणि आत एक बाई बसवली आहे, ती बोलते. "बाहेर तीन अंश तापमान आहे, रस्ता निसरडा असू शकतो." मला सांगते! परवा मी तिला म्हणालो, "माहितेय गं मला." आणि मग गाडी कडेला घेतली. तुझी आई असंच बोलायची ना.

म्हातारा गाडी चालवतोय हे मागच्याला कळावं म्हणून ते चार पानांच्या चित्राचं चिकटपत्र लावायचं असतं, ते मी पांढरीला लावलंय. लालला नाही. एवढ्यावरून तुला काय समजायचं ते समज.

पांढरी खरं तर गेल्या वर्षीच यायची. पण तेव्हा सगळ्याच गाड्यांना उशीर होत होता, पेपरात रोज यायचं, कुठलासा सुटा भाग मिळत नव्हता. आई जानेवारीत गेली आणि गाडी जूनमध्ये आली. वरातीमागून घोडं. शोरूममधून फोन आला तेव्हा नको म्हणायला तोंड उघडलं आणि "कधी न्यायला येऊ?" असं विचारून बसलो. त्याला कोण काय करणार?

थोडक्यात, चालवायला लाल, बसायला पांढरी. कुठली ठेवू तेवढं कळव. पोस्टकार्ड टाकलंस तरी चालेल.

तुझा,
बाबा


इइदा,
२६ नोव्हेंबर

चि. चिनात्सु,

आशीर्वाद.

पोस्टकार्ड टाक म्हणालो, तर तू खरंच कार्डावर भागवलंस. "कुठलीही ठेवा. आईला यायचं नव्हतं, त्याला ती गाडी ही सबब होती. मला ती बघायचीसुद्धा नाही." एवढंच. खाली नाव नाही. अक्षर मात्र हुबेहूब आईचं, त्यामुळे पेटीतून काढल्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता दोनदा वाचला.

गाडीबद्दल तू काहीही म्हण. माझ्याबद्दल म्हण. पण आईला यायचं नव्हतं, हे मी ऐकून घेणार नाही. तुला मी त्या वेळी काही नीट सांगितलंच नाही, म्हणून आता ऐक.

तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं ते तुला माहीत आहे. तू हॉस्पिटलात आली होतीस. पण घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की बुटक्या खुर्चीत बसायचं नाही, खुबा गुडघ्याच्या खाली गेला तर सांधा निखळेल. जमिनीवर बसणं बंद, वाकणं बंद. मे महिन्यात ती हट्टानं एकदा लालमध्ये बसली. सफरचंदाचा बहर बघायला म्हणून गेलो. परत आल्यावर उतरता येईना. मी समोर उभा राहून तिचे दोन्ही हात धरले आणि ओढलं. शेजारच्या हाराबाई कुंपणाशी उभ्या होत्या. तुझी आई हसत त्यांना म्हणाली, "बघा हो, मुळा उपटावा तसं उपटलं मला!" हाराबाई हसल्या, मीही हसलो. घरात गेल्यावर ती न्हाणीघराचं दार लावून रडली. त्यानंतर त्या गाडीत बसली नाही.

मग यायचं कशानं? आमची बस पाच वर्षांपूर्वीच बंद पडली. शेवटच्या फेरीला चार प्रवासी होते, त्यातली एक तुझी आई. आगगाडीनं यायचं तर सगळ्या डोंगराला वळसा, दोन-तीनदा गाडी बदला, जिने चढा-उतरा. घाटातून सव्वा तास, आगगाडीनं अर्धा दिवस. कोसाकू त्याच्या छोट्या मालट्रकमधून न्यायला येतो म्हणाला होता. त्याला "माझी बायको लाकडांबरोबर येणार नाही" असं उत्तर मी दिलं होतं. ते माझं बोलणं होतं, तिचं नाही. ती मागून म्हणत होती, "अहो, ट्रक उंच असतो, मला चालेल." मी फोन ठेवून दिला. कोसाकूला हे सांग.

त्या मुळ्याच्या प्रकरणानंतर आठवड्याभरात आम्ही पांढरी नोंदवली. तिनंच धोशा लावला. "अहो, नोव्हेंबरात इतोहाचा शिचि-गो-सान आहे. तोवर तीन वर्षांची होईल पोर, किमोनो घालून देवळात नेतील. तिच्या केसांत फूल मी बांधणार." जन्मभर लोकांच्या आहेराच्या आणि मयताच्या पाकिटांना कागदी दोऱ्यांच्या गाठी मारल्या तिनं, म्हणाली, एक गाठ माझ्या नातीला. फूल ऑगस्टातच तयार झालं. मी म्हटलं, पोस्टानं पाठवून दे. तर म्हणे, "केसांत पोस्टमन बांधणार आहे का?"

काल तिचा दोऱ्यांचा खण आवरला. त्यात जुन्या कॅलेंडरचं एक पान निघालं, त्याच्या कोऱ्या पाठीवर तिनं दोन्ही गाड्या मांडल्या आहेत. मी तुला इंजिन आणि गिअर सांगितले. आता तिची मांडणी बघ. जसं आहे तसं उतरवतोय.

"जमिनीपासून खुर्ची: लाल ३५ सेंटीमीटर, पांढरी ६३. माझा गुडघा ४४.
वर धरायला मूठ: लालला नाही. पांढरीला आहे, चारही दारांना.
उतरताना ह्यांचे हात: लाल, दोन्ही. पांढरी, एकही नाही."

मला आठवतं, शोरूममध्ये ती पिशवीतून शिवणाची टेप काढून वाकडी-तिकडी होत मोजत होती आणि मला लाज वाटत होती. मी बॉनेट उघडून बघत असल्याचं सोंग केलं होतं.

जिला यायचं नसतं ती बाई स्वतःचा गुडघा मोजते का गं?

पानाच्या खालच्या अर्ध्या भागात तिनं एक चित्र काढलंय. त्याविषयी आज लिहवत नाही.

लाल बघायला शनिवारी नागोयाहून एक गृहस्थ येणार आहेत. तू "कुठलीही" म्हणालीस, तेव्हा निर्णय मलाच घ्यायला लागला. गाडी धुऊन पुसून ठेवली. डॅशबोर्डचा कप्पा तेवढा साफ करायचा राहिलाय. तो मी वर्षभर उघडलेला नाही. थंडीला जप, पोरीला मोजे घालत जा.

बाबा


इइदा,
११ डिसेंबर

चिनात्सु,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.

दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही वेळा ताकाला जाऊन भांडं लपवलं. पहिल्या पत्रात तर चक्क खोटं लिहिलं. गाडीला उशीर झाला नव्हता. पांढरी वेळेवर आली होती, गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस. इतोहाच्या समारंभाला दोन आठवडे होते तेव्हा.

आधी दाखल्याचं सांगतो. शोरूमवाले तो काढून देतात, पण तुझ्या आईला स्वतः काढायचा होता. बांबूची काठी घेऊन तिनं आपली जागा मोजली, फॉर्मवर नकाशा काढला. त्यात वळण, विजेचा खांब, हाराबाईंचं कुंपण सगळं. टॅक्सी करून ठाण्यात गेली, चार दिवसांनी पुन्हा जाऊन दाखला घेऊन आली. माझ्या हातात देऊन म्हणाली, "अहो, हा महिनाभरच चालतो हं. तेवढ्यात तुमच्या लालची सोय लावा." मी हो म्हणालो. लाल हलली की जागा मोकळी, जागा मोकळी झाली की पांढरी दारात. इतकं सरळ होतं. मी दाखला लालच्या कप्प्यात, गाडीच्या पुस्तकाखाली ठेवला.

घाटात तेव्हा मेपल लाल झाले होते. वाटलं, जाण्याआधी एकदा नेऊन आणू हिला. नेऊन आणली. मग वाटलं, आणखी एक रविवार. शोरूममधल्या सुगिउराचा फोन आला, गाडी आली आहे, दाखला घेऊन या. मी म्हणालो, आमची जागा अजून मोकळी नाही. तो म्हणाला, "साहेब, मग ही पुढच्या गिऱ्हाइकाला द्यावी लागेल, आणि तुम्हाला एकदम उन्हाळ्यात." मी म्हणालो, चालेल. चालेल! घरात येऊन आईला सांगितलं, उशीर होणार आहे, सुट्या भागांचा तुटवडा, पेपरात वाचलंस ना? तिनं वाचलं होतं. सगळ्यांनीच वाचलं होतं. माझं खोटं बातमीच्या पदराखाली आरामात झाकलं गेलं.

एका शरद ऋतूसाठी केलं मी हे. दुसरं काही कारण सापडतं का म्हणून वर्षभर शोधलं. नाही सापडलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूनं. तू आमच्यासाठी समारंभ पंधरा तारखेवरून सत्तावीसपर्यंत ढकललास. सव्वीसला सकाळी तुझा फोन आला. आई उभ्यानं बोलत होती, मी तिथेच जेवणाच्या टेबलाशी होतो. तुझा आवाज मला ऐकू येत होता. "नवीन गाडी, नवीन गाडी! यायचं नाही असं सरळ सांग ना, आई!" मला फक्त हात पुढे करायचा होता. फोन हातभर अंतरावर होता. आई म्हणाली, "बरं, तसं समज." फोन ठेवला. मी वर तिलाच म्हणालो, "असं कशाला तोडून बोललीस पोरीला?" ती म्हणाली, "जेवायला वाढू का?"

ते तुमचं शेवटचं बोलणं ठरलं.

आता जे मलाही दहा दिवसांपूर्वीच कळलं ते लिहितो. गिऱ्हाईक येणार म्हणून शुक्रवारी मी कप्पा उघडला. पुस्तकाखाली दाखला नव्हता. पुस्तकाच्या वर होता. मी सपाट ठेवलेला कागद, त्याची कोणीतरी बारीक वळकटी केली होती आणि तिच्यावर लाल-पांढऱ्या दोऱ्यांची गाठ. पाच पदरी. अशी गाठ आपल्या गल्लीत एकच बाई मारायची. तिला वाकता येत नव्हतं, चिनात्सु. पडलेली वस्तू उचलायला हॉस्पिटलनं जो लांब चिमटा दिला होता, त्यानं दारातून काढला असेल आणि त्यानंच परत ठेवला असेल.

मी तसाच उठून शोरूमला गेलो. सुगिउरा म्हणाला, "साहेब, मी गेल्या वर्षी वीस नोव्हेंबरला तुमच्या घरी फोन केला होता, पुढच्या यादीत नाव घालू ना, ते विचारायला. बाईंनी घेतला. मी बोलून गेलो की तुमची जागा मोकळी नव्हती म्हणून आलेली गाडी दुसऱ्यांना दिली. त्या म्हणाल्या, हो, बरोबर आहे. ह्यांना आणखी एक शरद हवा असेल. आभार मानून ठेवला त्यांनी."

आता तारखा लाव. तिला वीसला कळलं. तुझा फोन सव्वीसला. म्हणजे तू तिच्यावर ओरडत होतीस तेव्हा तिला सगळं माहीत होतं. "तुझ्या बाबांनी केलं" एवढे तीन शब्द बोलली असती तर तू तिच्या गळ्यात पडली असतीस आणि मला जन्मभर उंबऱ्याबाहेर ठेवलं असतंस. तिनं मला आत ठेवलं आणि स्वतः बाहेर राहिली. डिसेंबरभर माझ्याशी नेहमीसारखी बोलली. लोणचं घातलं, माझे हातमोजे शिवले. मला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी आणखी खोटं बोललो असतो, आणि तेही तिला माहीत होतं. जानेवारीत न्हाणीघरात तिचं हृदय थांबलं, आणि आम्ही दोघांनी एकमेकांपासून लपवलेली ती एकच गोष्ट त्या कप्प्यात पडून राहिली.

अंत्यविधीला तू पाहुण्यासारखी मागच्या रांगेत बसलीस. लोक म्हणाले, लेकीचं काळीज दगडाचं. मी तेही ऐकून घेतलं. त्याबद्दल तर मला कुणीच क्षमा करू नये.

गाठीचं तुला मी काय सांगणार, तू शाळेत जायच्या आधी शिकलीस. लग्नाला आणि मयताला न सुटणारी गाठ, कारण ते पुन्हा व्हायला नको. बाकी आनंदाला फुलपाखरी, टोक ओढलं की सुटते आणि पुन्हा हव्या तितक्या वेळा बांधता येते. दाखल्यावर तिनं फुलपाखरी बांधली आहे. दाखला पुन्हा काढा, असं म्हणायचं होतं का तिला? का मला माफ केलं? मला कळत नाही, आणि माझ्या सोयीचा अर्थ मी घेणार नाही. ती तशीच या पाकिटात घातली आहे. मी सोडलेली नाही. आत मुदत संपलेला कागद आहे, तिच्या हातचा नकाशा आहे, दुसरं काही नसेल. सोडायची की ठेवायची ते तू ठरव.

लाल शनिवारी गेली. ते नागोयाचे गृहस्थ भले आहेत, बसताना आधी बूट झटकले त्यांनी. वळणावर तिचा आवाज ऐकू येईनासा झाला आणि मी कुंपणाला धरून रडलो. तुझ्या आईच्या वेळी माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, हाराबाईंनी ते तेव्हाही बघितलं आणि हेही बघितलं. काय म्हणायचं ते म्हणोत. गाडी विकली हे प्रायश्चित्त आहे असं मी तुला सांगणार नाही. भिक्षूंना जागा परत करायचीच होती. आता पांढरी आपल्या जागेत उभी आहे, आईनं काठीनं मोजली होती तिथे. दोन्ही बाजूंना बरोबर तेवढंच अंतर राहतं जेवढं तिनं लिहिलंय.

आता ते चित्र. कॅलेंडरच्या पानावर तिनं पांढरी गाडी वरून काढली आहे, पाच चौकोन. चालवायच्या जागी "हे". मागे डावीकडे "मी". मागे उजवीकडे "इतोहा", तिच्या डोक्यावर फूल काढलंय. मागे मध्ये "कोसाकू", आणि कंसात "पाय लांब आहेत, बिचारा". आणि पुढे, माझ्या शेजारी, "चिनात्सु". त्याखाली दोन रेघा मारून लिहिलंय, "हिला पुढे बसवायचं." तीस वर्षं तो प्रश्न तिनं लक्षात ठेवला होता. मी तर हसून सोडून दिला होता.

अस्थी मी अजून थडग्यात ठेवलेल्या नाहीत. एकोणपन्नासाव्या दिवशी ठेवायच्या असतात. र्‍योकाई भिक्षू प्रत्येक वेळी भेटले की बोलतात, "यासुजीराव, बाईंना असं ताटकळत ठेवू नये." मी त्यांना काय सांगू? तिला आधी आगेमात्सुला, तुझ्याकडे, नेतो असं मी कबूल केलं होतं.

रविवारी, सतरा तारखेला, येतोय. बर्फाचे टायर घातलेत. जुन्या बसच्या वेळेनं निघेन, आठ चाळीसला इथून, दहा पाचला तिथे. तुमच्या पुलाजवळ जिथे आमचा थांबा होता तिथे उभा राहीन. मला घरात बोलवू नकोस. माझ्याशी बोलायचीही गरज नाही. मी गाडीपासून लांब, पुलाच्या त्या टोकाला जाऊन थांबतो. तू फक्त मागचं डावं दार उघड. आईला तिनं लिहिलंय तिथेच बसवून, पट्टा लावून आणतोय, मांडीशी ते फूल ठेवून. खुर्ची उंच आहे, तुला वाकावं लागणार नाही. तिला एवढंच सांग, "आई, तुला यायचं होतं हे मला कळलं." मग दार लाव, मी तिला परत घेऊन जाईन.

पुढची खुर्ची रिकामी ठेवून येतोय. ती भरली पाहिजे असं माझं म्हणणं नाही.

एकतीस वर्षांत एक मिनिटही उशीर न केलेला, आणि या खेपेला एक वर्ष, एक महिना, दोन दिवस उशिरा पोचणारा,

तुझा बाप
यासुजी